जुन्या ट्रकची डिझेल टाकी : बदलावी कधी, हलवावी कशी?

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे मागे टाकून सुकेळीची खिंड उतरली की रोहा तालुक्यातील खांब लागते आणि पुढे कोलाड. रोह्याला धाटावची औद्योगिक वसाहत, नागोठण्याला रासायनिक कारखाने आणि पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना. त्यामुळे या पट्ट्यात मालवाहतुकीचा धंदा मोठा आहे. गॅरेज, वेल्डिंग, पत्र्याची कामे यांवर अनेक घरांची चूल पेटते. आपल्या समाजातील कारागीर आणि एक-दोन गाड्यांचे मालक या धंद्यात ठिकठिकाणी आढळतात. त्यांच्यासाठी आज आम्ही एक साधा वाटणारा विषय घेतला आहे : ट्रकची डिझेल टाकी. विषय साधा असला तरी त्यात पैसा अडकतो आणि प्रसंगी कारागिराचा जीवही जातो.

टाकी का सडते?

कोकणची हवा दमट व खारी. टाकी चॅसिसच्या बाजूला ब्रॅकेटवर दोन पट्ट्यांनी आवळलेली असते. पट्टी आणि टाकी यांच्यामधील रबरात पावसाळ्याचा चिखल अडकतो आणि गंजाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. या महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. खड्डे आणि उडणारी खडी यांनी टाक्यांचे किती हाल केले, हे चालकांना सांगायला नको.

टाकी आतूनही सडते. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतील बाष्पाचे पाणी होते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते आणि पत्रा खाते. गंजाचा भुगा फिल्टर तुंबवतो, गाडी चढावर दम तोडते आणि मालक पंप व नोझल उघडायला सांगतो. आमचे सांगणे असे की, पंपावर खर्च करण्याआधी टाकीच्या तळाचा नट उघडून भांड्यात काय पडते ते पाहा. गाळ आणि पाणी पडले, तर दुखणे टाकीतच आहे.

बारीक गळतीवर साबणाची वडी घासण्याचा उपाय सर्व चालकांना ठाऊक आहे. तो गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता ठीक. त्यावर महिनाभर गाडी चालवणे म्हणजे मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यासाठी रस्त्यावर तेल पसरणे होय.

रिकामी टाकी अधिक धोक्याची

वेल्डिंग करणाऱ्या बंधूंनी हा भाग नीट वाचावा. ‘डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, टाकी तर रिकामीच आहे’ असे म्हणून थेट टॉर्च लावली जाते. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. रिकाम्या टाकीत मात्र सांध्यांत आणि गाळात उरलेल्या डिझेलची टॉर्चच्या उष्णतेने वाफ होते, ती हवेत मिसळते आणि टाकी बॉम्बसारखी फुटते. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असतो. इतकी उष्णता तर कोकणातील उन्हात ठेवलेल्या पत्र्यालाही सहज येते, मग टॉर्चची गोष्टच वेगळी. डाख देतानाही हाच धोका असतो.

म्हणून टाकी गाडीवरून उतरवावी, गाळ पूर्ण काढावा, सोडा घातलेल्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावी आणि शक्य असेल तेथे वाफेने साफ करावी. नुसते गार पाणी खळखळवणे पुरेसे नाही. काम करताना टाकीत जोडाच्या किंचित खालपर्यंत पाणी भरून ठेवावे आणि झाकणासह सर्व तोंडे उघडी ठेवावीत. इतका वेळ देण्यास मालक तयार नसेल, तर कारागिराने काम नाकारावे. मजुरी उद्याही मिळेल.

पत्रा तीन-चार ठिकाणी पातळ झाला असेल, तर ठिगळ लावणे हा तोट्याचाच सौदा आहे. तेव्हा टाकी बदलणेच बरे.

बदलताना काय पाहावे?

भंगार बाजारात दुसऱ्या गाडीची टाकी स्वस्त मिळते. ती घेताना आतून टॉर्च मारून गंज पाहा. टाकीची उंची निराळी असेल, तर काट्याचा फ्लोट खोटे बोलेल आणि काटा पाव टाकी दाखवत असतानाच गाडी बंद पडेल. झाकणातील हवेचे छिद्र मोकळे हवे, नाही तर डिझेल संपत जाते तशी आत पोकळी निर्माण होऊन पुरवठा थांबतो.

नवी टाकी बनवून घेत असाल, तर जस्त चढवलेला जी.आय. पत्रा वापरू नका. तो गंजत नाही म्हणून मोह होतो, परंतु जस्ताची डिझेलमधील आम्लांशी क्रिया होऊन जो चिकट साका तयार होतो, तो फिल्टर व नोझलमध्ये बसतो. साधा पोलादी किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा घ्यावा. टाकीत आडवे पडदे जरूर घालावेत, म्हणजे वळणावर डिझेल हिंदकळणार नाही.

टाकी हलवायची झाल्यास

बॉडी बदलली किंवा क्रेन बसवली की टाकी दुसरीकडे नेण्याची वेळ येते. फीड पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. टाकी जितकी दूर आणि खाली, तितका त्याला ताण अधिक. पाइपचा एक सांधा सैल राहिला तरी हवा शिरते. रोज सकाळी हाताने पंप मारल्याशिवाय गाडी सुरू होत नसेल, तर ही त्याची खूण समजावी. परतीचा पाइप विसरू नये. सायलेन्सर आणि बॅटरीपासून टाकी दूर असावी. ब्रॅकेटसाठी चॅसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नये व तेथे वेल्डिंगही करू नये. उभ्या भागातील तयार भोके वापरावीत. चॅसिसला तडा गेला, तर टाकीत वाचवलेले सर्व पैसे तेथे जातील.

जादा टाकीचा हिशेब

गोव्यात डिझेलवरील कर महाराष्ट्रापेक्षा कमी राहिल्याने दुसरी टाकी लावून तिकडून भरून आणण्याचा विचार या मार्गावरील मालकांच्या मनात येतो. हिशेब करून पाहू. लिटरमागे २ रुपये वाचले असे धरले, तर २०० लिटरमागे ४०० रुपये. पण २०० लिटर डिझेलचे वजन सुमारे १६६ किलो, आणि तेवढा माल कमी चढणार. दोन टाक्या जोडणारा खालचा पाइप खडीने तुटला, तर दोन्ही रिकाम्या होतील.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. म्हणजे एका दंडात बारा फेऱ्यांहून अधिक बचत गेली. अपघात झाल्यास विमा कंपनीला दावा अडवण्याचे निमित्तही मिळते. जुन्या टाकीच्या जागी तशीच टाकी बसवणे ही दुरुस्ती आहे; जागा किंवा संख्या बदलायची असल्यास आधी पेणच्या आर.टी.ओ. कार्यालयात विचारावे. आठ वर्षांवरील गाडीला दरवर्षी फिटनेससाठी जावेच लागते, तेव्हा लपवून काही उपयोग नाही.

डिझेल खरोखर वाचवायचे असेल, तर खांबपासून जवळच एक मार्ग आहे. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू केली. भरलेला ट्रक मालासह सपाट वाघिणीवर चढतो आणि तेवढ्या अंतरात त्याचे इंजिन बंद राहते. भाडे आणि डिझेल यांचा ताळा प्रत्येकाने आपल्या मालानुसार करावा.

मालकांना आमची विनंती एवढीच : पावसाळ्याआधी एकदा टाकीच्या पट्ट्या सोडून खालचा पत्रा पाहा आणि तळाचे पाणी काढा. आणि कारागीर बंधूंनो, धुतल्याशिवाय कोणतीही टाकी आगीजवळ आणू नका, मग ती कितीही ओळखीच्या गिऱ्हाइकाची असो.