चिंकारा पाणी कुठून मिळवतो?

सुट्टीत आम्ही दोघं बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात गेलो. बायकोनं हळूच माझा दंड दाबला. समोर बाभळीखाली चिंकारा उभा होता. काळी शेपटी सारखी हलत होती. त्यानं पुढचा पाय आपटला, शिंकल्यासारखा आवाज काढला आणि धूम ठोकली. हा त्याचा धोक्याचा इशारा!

या दुष्काळी पट्ट्यात तो तग कसा धरतो? पाला, गवत आणि दव यांतूनच त्याला बरंचसं पाणी मिळतं. पाणवठ्याशिवाय तो कितीतरी दिवस काढतो. १९९७ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. इथलं माळरान ही पडीक जमीन नव्हे, चिंकाऱ्याचं घर आहे. तिथं जाल तेव्हा पाहुण्यासारखे वागा.