सह्याद्रींतलें मधाचें बेट आणि आमचें शिवार

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगत कांगारू बेट नांवाचें एक बेट आहे. १८८० नंतरच्या कांहीं वर्षांत तेथें इटलींतील लिगुरिया प्रांताच्या मधमाश्या नेऊन वाढविण्यांत आल्या, आणि १८८५ सालीं कायदा करून तें बेट त्या माशीसाठीं राखून ठेवण्यांत आलें. भोंवतीं समुद्र असल्यामुळें माशीचे रोग व परक्या जाती यांस सहजासहजीं वाट मिळत नाहीं. हल्लीं लांबलांबचे पाहुणे लहान लहान टोळ्यांनीं तेथें जातात, माशी पाहतात, मध चाखतात व विकत घेऊन परततात. ही हकीकत आमच्या वाचकांस दूरची वाटेल. परंतु असेंच एक बेट आपल्या सातारा जिल्ह्यांत आहे. फरक इतकाच कीं, त्याच्या भोंवतीं पाणी नसून रान आहे. तें म्हणजे महाबळेश्वरजवळचें मांघर गांव.

गेल्या चैत्रांत कोरेगांव तालुक्यांतील आम्ही आठ शेतकरी तें गांव पाहावयास गेलों होतों. कोरेगांवाहून सातारा, तेथून मेढें, आणि केळघरचा घाट चढून महाबळेश्वर, असा आमचा मार्ग होता. खालीं ऊंस व आलें यांचें हिरवें शिवार सोडलें कीं मेढ्यापुढें भात-नाचणीचीं खाचरें लागतात, आणि घाट संपतां संपतां जांभळी, हिरडा, अंजनी यांची दाट झाडी सुरू होते. आम्हांपैकीं दोघांस मधमाशीचा उद्योग करावयाचा होता, दोघे केवळ हवा पालटण्यासाठीं आले होते, आणि मजकडे एक जुनें ऋण होतें. त्याविषयीं पुढें सांगेन.

महाबळेश्वरास मधमाशीचा उद्योग नवा नाहीं. तेथील मध संचालनालयाचा आरंभ १९४६ सालचा. आज तें राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाकडे असून, आसपासच्या गांवांस पेट्या व शिक्षण तेथूनच मिळत आलें. मांघरांत बहुतेक घरांचा या उद्योगाशीं संबंध आहे, आणि मे २०२२ मध्यें त्या गांवास देशांतील पहिलें 'मधाचें गांव' म्हणून जाहीर करण्यांत आलें. त्यानंतर पाहुण्यांची ये-जा वाढली. घरोघरच्या पेट्या पाहाव्या, पोळें कसें बांधतात तें समजून घ्यावें व जातांना बाटली न्यावी, असा क्रम आतां तेथें पडला आहे.

आम्हांस ज्या गृहस्थांनीं माशी दाखविली ते साठीच्या पुढचे होते. त्यांनीं आरंभींच चौघांस पुढें बोलाविलें व चौघांस मागें थांबविलें. मोठा घोळका पेटीभोंवतीं जमला म्हणजे उजेड अडतो, माणसाच्या श्वासानें माशी चिडते, आणि पेटी उघडी राहून पिलाव्यास गारठा लागतो. शिवाय आपली सातेरी माशी मानी आहे. तिला वारंवार छेडलें तर सारी वसाहत पेटी सोडून एके दिवशीं निघून जाते. यास्तव एका वेळीं आठ-दहांपेक्षां अधिक माणसें ते घेत नाहींत. धंद्याच्या दृष्टीनें हा तोटा नव्हे काय, असें आमच्यापैकीं एकानें विचारलें. म्हातारबुवा म्हणाले, “पाव्हणं, माशी गेली तर दाखवू काय?”

आपल्या मुलखांत मध गोळा करणाऱ्या माश्या मुख्यत्वें चार. आग्या माशी उंच कड्यावर किंवा मोठ्या वृक्षावर एकच थोरलें पोळें बांधते. तिचा मध पुष्कळ, पण ती माणसाच्या पेटींत राहत नाहीं. फुलोरी माशी झुडपाच्या फांदीला तळहाताएवढें पोळें लाविते. तीही पाळतां येत नाहीं. चौथी बिननांगीची बारीक माशी, भिंतीच्या फटींत वा झाडाच्या ढोलींत राहणारी. तिचा मध अगदीं थोडा. राहिली सातेरी. ही अंधाऱ्या पोकळींत एकाशेजारीं एक अशीं समांतर पोळीं बांधते, म्हणूनच ती पेटींत नांदते. लाकडी चौकटीला पोळें बांधवून, दोन चौकटींमध्यें माशीला चालण्यापुरतीच फट ठेवावयाची, हें त्या पेटीचें सारें मर्म होय. फट अधिक झाली तर माशी मधेंच पोळें बांधून चौकटी जखडून टाकते. कमी झाली तर तेथें मेण भरते. अमेरिकेंत लँगस्ट्रॉथ यांनीं १८५१ सालीं हें ओळखलें, तेव्हांपासून पोळें न मोडतां मध काढणें शक्य झालें. आपल्या लहान चणीच्या माशीसाठीं पुढें दक्षिणेंत न्यूटन नांवाच्या पाद्र्यानें लहान पेटी तयार केली. ती त्याच्याच नांवानें ओळखली जाते.

धुराचा एक झोत देऊन म्हातारबुवांनीं वरच्या कोठ्यांतील चौकट उचलली. तिचीं वरचीं घरें पांढऱ्या मेणानें बंद झालीं होतीं, खालचीं उघडीं होतीं. “ही अजून काढायची नाही,” असें म्हणून त्यांनीं ती परत ठेविली. मधांत शेंकडा वीसहून अधिक पाणी राहिलें तर तो आंबतो. माशी पंखांनीं वारा घालून पाणी उडविते आणि मध पक्का झाल्यावरच तोंड बंद करते. घाईनें काढलेला कच्चा मध बाजारांत गांवाचें नांव घालवितो. खालच्या कोठ्यांतील मधास मात्र ते हात लावीत नाहींत, कारण तो पिलाव्याचा व पावसाळ्याचा शिधा. महाबळेश्वरीं पाऊस चार महिने कोसळतो. त्या काळांत माशीला बाहेर पडतां येत नाहीं, आणि साखरेचें पाणी देऊन वसाहत जगवावी लागते.

फाल्गुन-चैत्रांत जांभळीचा बहर, त्यामागून हिरडा, आणि सात-आठ वर्षांनीं एकदां सारा डोंगर निळा करणारी कारवी, हीं तेथील माशीचीं मुख्य पिकें म्हणावयाचीं. जांभळीचा मध काळसर व किंचित् कडवट असतो. पहिल्या घासाला तो आमच्या मंडळींस आवडला नाहीं; दुसऱ्याला सर्वांनीं बाटल्या मागितल्या. सातेरीच्या एका पेटीपासून वर्षाला साधारण पांच ते दहा किलो मध मिळतो. इटालियन माशी याच्या कित्येक पट देते. ती १९६२ सालीं कांगड्यांतील नगरोटा येथें प्रथम यशस्वीपणें रुजविली गेली आणि आतां तिच्या पेट्या ट्रकांतून फुलांमागें परप्रांतीं फिरतात. तथापि तिला फुलांचा सतत पुरवठा व गोचिडासारख्या परोपजीवी किडीचा बंदोबस्त लागतो. सातेरी ती कीड आपल्या अंगावरून स्वतःच वेंचून काढते. सातेरीलाही काळ चुकला नाहीं. १९९१ पासून दक्षिणेंतील राज्यांत पिलावा पिशवीसारखा फुगवून मारणाऱ्या एका रोगानें तिच्या बहुतेक वसाहती बुडविल्या, आणि त्या रोगावर औषध नाहीं. ज्या वसाहती त्यांतून वांचल्या, त्यांच्यापासूनच पुढें पेट्या भरल्या गेल्या.

संध्याकाळीं महाबळेश्वरच्या बाजारांतून फिरतांना आमच्या तरुण सोबत्यांनीं चॉकोलेटाचा विषय काढला. मध आहे, स्ट्रॉबेरी आहे, मग मधाचें चॉकोलेट आपणच कां करूं नये? कल्पना वाईट नाहीं. परंतु अशा दुकानांतील पुष्कळसें 'घरगुती' चॉकोलेट म्हणजे विकत आणलेल्या वड्या वितळवून सांच्यांत ओतलेला माल असतो. खरें चॉकोलेट कोकोच्या बियांपासून होतें. कोकोचें फळ झाडाच्या खोडावरच धरतें. त्यांतील गराळ बिया पांच-सहा दिवस ढीग करून आंबवाव्या लागतात, मग वाळवून, भाजून, टरफल काढून पुष्कळ वेळ दळाव्या लागतात. तें झाड नारळी-पोफळीच्या सावलींत, दमट हवेंत वाढतें; आमच्या कोरेगांवच्या कोरड्या वाऱ्यांत तें टिकावयाचें नाहीं. शिवाय वितळलेल्या चॉकोलेटांत थोडें जरी पाणी पडलें तरी त्याचा खरबरीत गोळा होतो, आणि मधांत पाणी असतेंच. म्हणून मध त्यांत कालवितां येत नाहीं, पोटांत भरावा लागतो.

तथापि कोकोच्या उत्पादकांची एक गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे. १९८० च्या सुमारास कोकोचे भाव कोसळले व खाजगी खरेदीदारांनीं हात आंखडला, तेव्हां १९७३ सालीं मंगळूर येथें निघालेल्या सुपारी-कोको उत्पादकांच्या सहकारी संस्थेनें माल घेण्यास आरंभ केला आणि १९८६ सालीं पुत्तूर येथें स्वतःचा चॉकोलेटाचा कारखाना उभारला. आणखी एक नवल असें कीं, कोकोच्या फुलांत मधमाशी फारशी जातच नाहीं. सडक्या पाल्यांत वाढणारीं चिलटाएवढीं माशीवजा पाखरें तें काम करितात. बाग झाडून चकचकीत केली व औषधानें धुऊन काढली कीं फळ धरणें कमी होतें.

आतां माझ्या ऋणाविषयीं. दोन वर्षांपूर्वीं मीं अर्धा एकर कांदा बियाण्यासाठीं लाविला होता. कांद्याच्या फुलांतील पराग आधीं गळतो व त्याच फुलाचा स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारा कोणी नसेल तर बीं धरत नाहीं. यासाठीं ओळखीच्या एका मधपाळाच्या दोन पेट्या मीं बांधावर आणून ठेविल्या. गोंडे फुलले आणि फुलकिडे दिसूं लागले. बीं हातचें जाईल या भीतीनें मीं सकाळीं दहा वाजतां, माश्या फुलांवर असतांना, फवारा मारला. दुपारीं पेट्यांच्या तोंडाशीं मेलेल्या व तडफडणाऱ्या माश्यांचा सडा पडला होता. तिसऱ्या दिवशीं मधपाळ आला, त्यानें पेट्या उघडून पाहिल्या, आणि कांहीं न बोलतां गाडींत घातल्या. मीं पैसे पुढें केले ते त्यानें घेतले नाहींत. बीं निम्म्याहूनही कमी आलें. पण त्याचें मला तितकें वाटलें नाहीं.

मांघरास मीं हें सर्व म्हातारबुवांस सांगितलें, आणि माघांत दोन पेट्या कोरेगांवास द्याल काय, असें विचारलें. यापुढें माझ्या शेतांत फूल असेपर्यंत फवारणी होणार नाहीं, असें वचनही दिलें. त्यांनीं ऐकून घेतलें व म्हणाले, “तुमच्या वावराचं कळलं. भोवतीच्या वावरांचं सांगा.”

या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें. सातेरी चाऱ्यासाठीं साधारण एक-दीड किलोमीटर जाते. एकाच किलोमीटरचा हिशेब धरला तरी तें वर्तुळ ३१४ हेक्टरांचें, म्हणजे सुमारें पावणेआठशें एकरांचें होतें. मांघरास तेवढ्या टापूंत रान आहे आणि रानांत फवारा कोणी मारीत नाहीं. आमच्याकडे तेवढ्या टापूंत शेंकडों खातेदार. घेवड्याला माशीची गरज जवळजवळ नाहीं, उंसाला व आल्याला मुळींच नाहीं. मग त्या शेतकऱ्यानें माशीसाठीं आपला फवारा कां आवरावा? गरज आहे ती कांदा-बियाण्यास, सूर्यफुलास, काकडी-भोपळा-कारलें यांच्या वेलांस व शेवग्यास. ज्यांस गरज आहे त्यांनीं ज्यांस नाहीं त्यांच्या दारीं जावें, याखेरीज मार्ग मला दिसेना.

परत आल्यावर मीं तेंच केलें. माशी जवळचें फूल असतां लांब जात नाहीं, म्हणून निदान लगतच्या बांधांवरचे बारा शेतकरी तरी गांठावे असें ठरविलें. त्यांपुढें मागणें तीन ठेविलें: पीक फुलांत असतां फवारणी टाळावी, टळत नसेल तर सूर्य मावळल्यावर करावी व आदल्या दिवशीं कळवावें, म्हणजे त्या रात्रीं पेट्या हलवितां येतील, आणि झाडाच्या रसांत भिनून फुलाच्या मधुरसापर्यंत पोंचणारीं औषधें फुलोऱ्याच्या आधींही वापरूं नयेत, कारण त्यांवर संध्याकाळच्या फवारणीचा इलाज चालत नाहीं. अकरांनीं मान्य केलें; त्यांतील तिघांस, खरें सांगावयाचें तर, मधाच्या बाटलीनें राजी केलें. बाराव्याचा टोमॅटो आहे व त्यावर कर्ज आहे. तो म्हणाला, “दादा, माझा माल गेला तर तुमची माशी मला हप्ता भरून देणार का?” त्याचें म्हणणें मला खोडतां आलें नाहीं. पेट्या त्याच्या बांधापासून जितक्या दूर ठेवतां येतील तितक्या ठेवावयाच्या, मधल्या पट्टींत मोहरी व कोथिंबीर फुलावर सोडावयाची, आणि फवारणीचा दिवस त्यानें मला सांगावयाचा, एवढ्यावर आमचें जमलें आहे.

अकरा नांवांची यादी मीं मांघरास पाठविली व बाराव्याचीही हकीकत लपविली नाहीं. माघाच्या पहिल्या पंधरवड्यांत एक पेटी देतों, दुसरी तिचें काय होतें तें पाहून, असा निरोप आला आहे.

येत्या फाल्गुनांत जांभूळ फुलल्यावर आठ जणांची दुसरी टोळी नेण्याचा विचार आहे. येऊं इच्छिणाऱ्या सभासदांनीं पौष अखेरपर्यंत सोसायटीच्या कचेरींत नांव द्यावें, व नांवासोबत आपल्या शेताच्या चतुःसीमेवरील शेजाऱ्यांचीं नांवें व त्यांचीं पिकेंही लिहून द्यावीं.