इंडियन एअरलाइन्सची विमानं गेली कुठे?

चाकण-राजगुरुनगर भागात विमानतळ होणार, ही चर्चा आपण कितीतरी वर्षं ऐकली. मोजण्या, मोर्चे, जमिनीचे भाव सगळं झालं आणि शेवटी जागा पुरंदरला ठरली. त्या चर्चेत आमच्या गटातल्या एका ताईंनी विचारलं, "पूर्वी इंडियन एअरलाइन्स म्हणून सरकारी विमान होतं ना? ते बंद कसं पडलं?" प्रश्न चांगला होता, म्हणून आज त्यावरच बोलू.

स्वातंत्र्यानंतर देशात विमान कंपन्यांचं पेव फुटलं होतं. महायुद्ध संपल्यावर डाकोटा नावाची लष्करी विमानं स्वस्तात मिळत होती, ती घेऊन जो तो या धंद्यात उतरला. प्रवासी थोडे, कंपन्या फार. मग 1953 साली सरकारने कायदा करून आठ कंपन्या एकत्र केल्या आणि 1 ऑगस्टला इंडियन एअरलाइन्स सुरू झाली. परदेशी जायला एअर इंडिया, देशात फिरायला इंडियन एअरलाइन्स, अशी वाटणी झाली. आपल्या पिंपरीची एच.ए. म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनीही त्याच काळातली, 1954 ची. मोठी कामं सरकारने हातात घ्यायची, असा तो काळ होता.

सुरुवातीला कंपनीकडे शंभराच्या आसपास विमानं होती आणि त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश डाकोटा. वीस-पंचवीस माणसांचं हे विमान कच्च्या धावपट्टीवरही उतरायचं. आपल्या नागपूरचं नाव या डाकोटांशी जोडलेलं आहे. 1949 पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री टपालाची विमानं निघत आणि मध्यरात्री नागपूरला भेटत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपल्या गावी परत जाई. इंडियन एअरलाइन्सने हे काम पुढे बरीच वर्षं चालवलं. एस.टी. स्टँडवर गाड्या बदलतात ना, तसंच, फक्त आभाळातून आलेल्यांचं.

मग एकेक नवं विमान आलं. 1957 मध्ये व्हायकाउंट, पुढे छोट्या गावांसाठी फोकर आणि आपल्याच देशात कानपूरला बांधलेलं अ‍ॅव्हरो. 1964 मध्ये कॅराव्हेल, हे कंपनीचं पहिलं जेट. नंतर बोइंग 737, 1976 मध्ये मोठं एअरबस ए-300 आणि 1989 मध्ये संगणकावर चालणारं ए-320. याच जातीचं एक विमान फेब्रुवारी 1990 मध्ये बंगळूरला उतरताना पडलं आणि 92 माणसं गेली. त्यानंतर ती सगळी नवी विमानं कित्येक महिने जमिनीवर उभी होती. विमान उडो वा न उडो, खर्च चालूच राहतो.

आता बायकांविषयी. 1966 मध्ये दूर्बा बॅनर्जी या कंपनीत वैमानिक झाल्या. 1985 मध्ये आपल्या सौदामिनी देशमुख यांनी कलकत्ता ते सिलचर फोकर नेलं, त्यात वैमानिकापासून हवाई सुंदरीपर्यंत सगळ्या बायकाच होत्या. पण याच सरकारी कंपन्यांत हवाई सुंदरींना नियम असा, की नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी गेली आणि पहिल्यांदा दिवस गेले तरीही नोकरी गेली. बायका कोर्टात गेल्या. 1981 मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाचा नियम रद्द केला, लग्नाचा मात्र ठेवला. अर्धाच न्याय, असं आमचं मत. आपल्याकडे कंपनीत कंत्राटावर जाणाऱ्या कितीतरी जणी दिवस गेल्याचं सुपरवायझरपासून लपवतात, हे आम्ही रोज ऐकतो. म्हणून सांगतो, पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे आणि ती कंत्राटी बाईलाही आहे. तेवढ्यासाठी हजेरीचा आणि पगाराचा कागद जपून ठेवा.

आता कंपनी संपली कशी ते. 1990 नंतर खाजगी विमानं आली, मग स्वस्त तिकिटांची आली. इंडियन एअरलाइन्सकडे जुनी विमानं होती, आणि नवी घ्यायची परवानगी सरकारकडून वर्षानुवर्षं मिळत नव्हती. मिळाली तेव्हा 43 एअरबस एकदम मागवल्या, कर्ज काढून. एअर इंडियानेही 68 बोइंग मागवल्या. गटाचं कर्ज मागणाऱ्या बाईला आपण पहिलं काय विचारतो? हप्ता कशातून फेडणार? इथे त्याला पटेल असं उत्तर कुणाकडेच नव्हतं. त्यातच 2007 मध्ये दोन्ही कंपन्या एक केल्या.

कागदावर एक झाल्या, पण पगार, बढती आणि कामाचे तास वेगळेच राहिले. 2011 मध्ये जुन्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक सारख्या पगारासाठी दहा दिवस संपावर गेले. पुढच्या वर्षी एअर इंडियाचे वैमानिक दोन महिने संपावर होते, कारण नव्या ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही मिळणार होतं. गट जोडून ग्रामसंघ करताना सही कुणाची, मानधन कुणाला, जुनं कर्ज कुणाच्या माथी, हे आधी लिहून घ्या असं आम्ही का म्हणतो, ते यावरून लक्षात येईल.

फेब्रुवारी 2011 मध्ये इंडियन एअरलाइन्सचं वेगळं अस्तित्व कायमचं संपलं. त्या 43 पैकी बरीच विमानं पुढे एअर इंडियाच्या रंगात उडत राहिली. जानेवारी 2022 मध्ये टाटांनी एअर इंडिया घेतली, 18,000 कोटींना. त्यातले 2,700 कोटी सरकारला रोख मिळाले आणि 15,300 कोटींचं कर्ज टाटांनी आपल्या अंगावर घेतलं. उरलेलं बहुतेक कर्ज सरकारकडेच राहिलं.