हातगडसाठी जुनी मेंबरशिप घ्यावी का?

भिवंडीकरांनो, कसारा घाट, नाशिक, वणी करत हातगडचं क्लब महिंद्रा रिसॉर्ट गाठणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळे 'क्लब महिंद्रा मेंबरशिप विकणे आहे, अर्ध्या किमतीत' अशी जाहिरात दिसली की हात शिवशिवतात. पण थांबा.

नेहमीची मेंबरशिप 25 वर्षांची, वर्षाला 7 दिवसांची. त्यातली 15 वर्षं सरली असतील, तर तुम्हाला मिळणार उरलेली 10. खोलीची मालकी नव्हे, फक्त राहण्याचा हक्क. आणि तोही ठरावीक रिसॉर्टचा नाही. हातगड हवं असेल तेव्हा बुकिंग मिळेलच असं नाही. मेंबरशिपच्या सीझनचा रंग तर आधी बघा! पर्पल म्हणजे ऐन गर्दीचे दिवस, निळा म्हणजे मंदीचे. निळ्या कार्डावर दिवाळीची स्वप्नं बघू नयेत.

खरी मेख वार्षिक शुल्कात. गेलात न गेलात, भरावंच लागतं. विक्रेत्याची थकबाकी आणि ट्रान्सफर फी कंपनीकडूनच लेखी विचारा.

हिशेब असा: किंमत आणि ट्रान्सफर फीच्या बेरजेला उरलेल्या वर्षांनी भागा, त्यात वार्षिक शुल्क मिळवा, मग 7 ने भागा. हा एका दिवसाचा आकडा हातगडच्या रिसॉर्टच्या ऑनलाइन भाड्यापेक्षा बराच कमी नसेल, तर मी घेणार नाही. कोणी ट्रान्सफर करून घेतली असेल, तर अनुभव जरूर लिहा.