राजीनाम्यात न दिसणारा दुरावा

हरियाणातल्या मानेसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या बँकेत ग्राहकांची वेळ संपून शटर अर्धं खाली आलं, तरी आतला दिवस संपत नाही. कॅश टॅली व्हायची असते, डे-एंड राहिलेला असतो. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांच्या ताब्यात. पाचशेची एक नोट जुळली नाही तर दोघंही अडकले. त्यातला एक पुण्या-नागपूरकडून बदलीवर आलेला अधिकारी असेल, तर बिऱ्हाड बहुधा तिकडेच असतं. बायकोची नोकरी, मुलांची शाळा, आईची औषधं. घरून आलेला फोन तो कट करतो. रिजनल ऑफिसचा मात्र पहिल्या रिंगला उचलतो.

जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्यूटेल या संशोधकांनी १९८५ मध्ये घर आणि काम यांतल्या या ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले. पहिला वेळेचा. दुसरा ताणाचा : माणूस घरी पोचतो, पण डोक्यात थकीत कर्जांची, एनपीएची यादी चालूच असते. तिसरा वागण्याचा, आणि मला तोच जास्त घातक वाटतो. दिवसभर टार्गेटचा जाब देणारा आणि घेणारा माणूस रात्री मुलीलाही त्याच सुरात विचारतो, ‘‘आज किती झालं?’’

ही ओढाताण दोन्हीकडून सारखी नसते. मायकेल फ्रोन आणि सहकाऱ्यांना १९९२ मध्ये आढळलं, की काम घरात जितकं घुसतं, तितकं घर कामात घुसत नाही. बँकेत हे उघडच आहे. मुलाला ताप आहे म्हणून कॅश काउंटर बंद ठेवता येत नाही.

या ओढाताणीत नोकरीशी असलेल्या नात्याचं काय होतं? जॉन मेयर आणि नॅटली अॅलन यांनी १९९१ मध्ये त्या नात्याचे तीन धागे वेगळे केले. बँकेत जीव लागलेला असतो म्हणून टिकणं. सोडणं परवडत नाही म्हणून टिकणं. आणि सोडणं बरं दिसत नाही म्हणून टिकणं. घर आणि काम यांतली ओढाताण वाढते तिथे पहिला धागा विरलेला दिसतो, हे जगभरच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा आलं आहे. अर्थात, बहुतेक पाहण्या एकदाच प्रश्नावली भरून घेतात. आधीच मन उडालेल्याला घरची ओढ जास्त जाणवते, असंही असू शकतं.

रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०२४ मधल्या आढाव्यात निवडक खासगी आणि लघुवित्त बँकांतली कर्मचाऱ्यांची गळती सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास दिली होती. सरकारी बँकांत असं पटापट कुणी सोडून जात नाही. तेवढ्यावरून तिथे सगळं आलबेल आहे असं मानणं भाबडेपणाचं होईल. सवलतीच्या व्याजाचं गृहकर्ज, जुन्यांची पेन्शन, बाहेर न मिळणारी सुरक्षितता : दुसरा धागा तिथे इतका जाड आहे, की पहिला तुटला तरी खुर्ची रिकामी होत नाही. तो तुटल्याची खरी खूण प्रमोशनच्या नकारात सापडते. क्लार्कला शक्यतो राज्यातच ठेवतात, अधिकाऱ्याला देशभर कुठेही पाठवतात. म्हणून ‘परीक्षाच देत नाही’ म्हणणारे, विशेषतः म्हणणाऱ्या, प्रत्येक शाखेत भेटतात. कारण घरातच आहे : २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देत होत्या, पुरुष ८८.

उपायाची नेमकी दिशा एका प्रयोगात मिळते. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या आयटी विभागात एरिन केली, फिलिस मोएन आदींनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काही गटांना वेळापत्रकावर स्वतःचा ताबा दिला, वरिष्ठांना पाठबळ द्यायला शिकवलं. त्या गटांत ओढाताण कमी झाली आणि नंतर नोकरी सोडून जाणारेही कमी निघाले. काउंटरवरच्या माणसाला घरून काम देता येणार नाही, पण बदलीवर थोडा ताबा देता येईल.

अर्थ मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारी बँकांना तसं सुचवलं : पसंतीची ठिकाणं ऑनलाइन विचारा, बायकांना घराजवळ ठेवा, शाळेच्या वर्षाच्या मध्यात हलवू नका, बदल्या जूनपर्यंत उरका. महाराष्ट्रात बहुतेक शाळा जूनमध्ये उघडतात, तिथे हे ठीक आहे. मानेसर-गुरुग्रामच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. जूनमध्ये हुकूम हाती पडेपर्यंत तिथले प्रवेश कधीच उरकलेले असतात. मग अधिकारी एकटाच निघतो.