चार पोथ्या, एक लीळा

पहाटे साडेपाच. मे महिन्यात नागपुरात डोकं चालतं ते दहापर्यंतच. टेबलावर महानुभाव पंथाच्या लीळाचरित्राच्या चार हस्तलिखितांच्या छायाप्रती आणि वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली 1978ची आवृत्ती. आज पूर्वार्धातली एकच लीळा, म्हणजे एक प्रसंग, लावायची.

सहा. सकळ या महानुभावांच्या सांकेतिक लिपीची सवय झाली की अक्षरं आपोआप उलगडतात. अडवते ती लेखनिकाची नजर. एका पानावर ‘सर्वज्ञें म्हणीतलें’ (सर्वज्ञ म्हणजे चक्रधरस्वामी) दोनदा आलं की ती पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर जाते आणि मधली ओळ गळते. दुसऱ्या पोथीत नेमकं हेच झालंय.

साडेआठ. आता वासना, म्हणजे पाठभेद. 1278च्या सुमारास म्हाइंभटांनी रिद्धपुरात चक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडून गोळा केल्या. परंपरा सांगते की मूळ पोथी खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत गेली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. हिराइसेला एक आठवलं, परशरामबासांना दुसरं. लेखनिकांनी हे मतभेद मिटवले नाहीत, नावानिशी उतरवले. या प्रामाणिकपणापुढे मी दरवेळी नतमस्तक होते.

हिब्रू धर्मग्रंथ जपणाऱ्या मासोरा-पंडितांची मला इथे आठवण येते. सातव्या ते दहाव्या शतकात तिबेरियात त्यांनी लिहिलेल्या अक्षराला हात लावला नाही. वाचायचा शब्द वेगळा असेल तर तो समासात नोंदवला. पुढे 1947पासून कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या सापडल्या. त्यांतला यशयाचा ग्रंथ मासोरा परंपरेतल्या 1008च्या लेनिनग्राड पोथीहून हजारएक वर्षांनी जुना, त्यामुळे मासोरा-पंडितांचं काम ताडून बघता आलं. म्हाइंभटांच्या हातची प्रत आपल्याकडे नाही. आपल्याला आधार वासनांसोबत उतरवलेल्या त्या नावांचाच.

दुपारी जेवण, झोप.

चार. अमरावतीकडच्या एका वृद्ध महंतांना फोन. “दंडवत प्रणाम, बाबा.” त्यांनी पोथी न उघडता अख्खी लीळा म्हटली. त्यांचा पाठ हिराइसेच्या जवळचा. “आमच्या गुरूंनी असंच सांगितलं बाई.” पुरावा म्हणून नव्हे, स्वतंत्र साक्ष म्हणून मी तो नोंदवला.

सात. सोबत काम करणारा विद्यार्थी म्हणतो, “मॅडम, एक पाठ ठरवू, बाकीचे तळटीपांत टाकू.” मला ते पटत नाही. तळटीप कुणी वाचत नाही आणि न वाचलेला पाठ पिढीभरात मरतो. गळलेली ओळ इतर तीन प्रतींवरून भरली. हिराइसेची वासना मुख्य पाठाखाली, त्याच आकाराच्या अक्षरात छापायची, असं टिपणात लिहिलं.