वॉलपेपरमागची भिंत

दिवाळी जवळ आली की रंगारी मिळणं कठीण होतं. भिंतीवर जुना वॉलपेपर असेल तर काम आणखी वाढतं, मग कुणीतरी सुचवतं की काढत कशाला बसायचं, त्यावरूनच पुट्टी ओढू. याला ठाम नकार द्या. पुट्टीतलं पाणी कागदात मुरतं, कागद फुगतो आणि रंगाखाली फुगे येतात. वरचा थर प्लास्टिकचा असेल तर पुट्टी त्यावर नीट धरतच नाही. शिवाय त्या कागदामागे काय चाललं आहे, हे कायमचं झाकलं जातं.

ते पाहणं मुंबई-कोकणच्या हवेत फार गरजेचं आहे. आपल्याकडचे बहुतेक वॉलपेपर विनाइलचे असतात: खाली कागद, वर प्लास्टिकचा पातळ थर. या थरातून बाष्प जवळजवळ जात नाही. पावसाळ्यात बाहेरची भिंत पाणी पिते, आत एसी चालू असतो. उष्ण, दमट बाजूकडून बाष्प थंड बाजूकडे सरकतं आणि विनाइलच्या मागे येऊन अडकतं. तिथे पिष्टमय खळ आणि कागद, म्हणजे बुरशीला आयतं खाद्य. खोलीत कुबट वास येतो, पण डाग कुठेच दिसत नाही, तेव्हा पहिला संशय बाहेरच्या बाजूच्या भिंतीवरच्या वॉलपेपरचा घ्यावा.

ओल आणि कागद यांच्या संगतीने एके काळी आजारपणंही आणली. 1775 मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने आर्सेनिकयुक्त हिरवा रंग तयार केला आणि एकोणिसाव्या शतकात असे रंग युरोप-अमेरिकेतल्या वॉलपेपरवर सर्रास वापरले गेले. 1874 मध्ये मिशिगनचे डॉ. रॉबर्ट केडझी यांनी अशा विषारी वॉलपेपरच्या नमुन्यांची पुस्तकंच बांधली आणि लोकांना धोका कळावा म्हणून शंभर प्रती राज्यातल्या ग्रंथालयांना पाठवल्या. पुढे 1890 च्या दशकात इटलीच्या बार्तोलोमेओ गोसिओ यांनी दाखवलं, की ओल्या कागदावरची बुरशी या रंगातून आर्सेनिकचा वायू सोडते. इंग्लंडमधल्या व्हिक्टोरियन घरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी म्हणूनच जुने थर कोरडे खरवडू नयेत. धूळ उडता कामा नये. अगदी जुना कागद निघाला तर जाणकाराला दाखवून मगच हात लावावा.

आपल्या फ्लॅटमधला कागद तसा गरीब आहे. त्याला पाणी आणि वेळ द्यावा लागतो, एवढंच. आधी त्या खोलीची वीज मेन बोर्डावरून बंद करा, कारण स्विचबोर्डाभोवती पाणी लागणार आहे. मग वरच्या कोपऱ्यातून किंवा दोन पट्ट्यांच्या सांध्यातून कागद नखाने उचलून पाहा. विनाइलचा वरचा पापुद्रा बरेचदा सुटा निघतो. तो आपल्याकडे न ओढता, भिंतीला समांतर, सावकाश खाली ओढायचा. सरळ बाहेर ओढला की पुट्टीचे पोपडे सोबत येतात. नव्या प्रकारचे काही वॉलपेपर असे अख्खे, कोरडेच उतरतात.

खाली कागदाचा थर राहिला तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब टाका आणि झाडांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने तो भिजवा. पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा. इथेच माणसं घाई करतात आणि भिंत खराब होते. खळ सुटली की पुट्टीचं पातं अगदी आडवं धरून कागद सरकवता येतो. जोर लावावा लागत असेल, तर अजून भिजायचं आहे असं समजा.

भिंत कसली आहे, हे मात्र आधी विचारून घ्या. सिमेंटच्या गिलाव्यावर व्हाइट सिमेंटची पुट्टी असेल तर ती एवढं पाणी सोसते. पीओपी किंवा जिप्समचा गिलावा भिजून मऊ पडतो. तिथे स्पंजाने ओलावा, छोटा छोटा भाग घ्या आणि परदेशी व्हिडिओंतलं वाफेचं यंत्र वापरू नका. पूर्वी वॉलपेपर लावताना प्रायमर मारला नसेल, तर थोडी पुट्टी कागदाबरोबर येणारच. तो खर्च आधीच धरून ठेवावा.

कागद निघाला तरी खळ उरते. ओला हात फिरवल्यावर बुळबुळीत लागलं की पुन्हा स्पंजाने धुवा. राहिलेली खळ नव्या रंगाला तडे पाडते. बुरशी दिसली तर खिडक्या उघडून, मास्क लावून काम करा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. इमारत जुनी असेल आणि खाली जुना ऑइलपेंट लागला तर कोरडा पॉलिश पेपर मारू नका. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसं असू शकतं आणि लहान मुलांना त्याचा सर्वाधिक धोका असतो.

आता भिंत वाळू द्या. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि एक-दोन दिवसांनी पाहा. आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. मग बाहेरची भेग, गळका पाइप किंवा शेजारचं बाथरूम शोधून दुरुस्त करा. तोवर रंगही नको आणि नवा वॉलपेपर तर नकोच. पावसाळा संपताच दिवाळीसाठी रंग काढण्याची आपली रीत इथे अडचणीची ठरते, कारण तेव्हाच भिंती सर्वांत ओल्या असतात. तुमची भिंत या दिवाळीपर्यंत वाळली नसेल तर ती खोली तशीच उघडी ठेवा आणि रंगाऱ्याला जानेवारीत बोलवा.